डायल-अप सर्व्हरला फोन लागतो, पासवर्ड घेतो, कनेक्टेड म्हणतो, पण नेटवर्क दिसत नाही (आयपी १६९.२५४ चा येतोय)

पाटणखोरे

नमस्कार मंडळी, जरा जुन्या काळातली अडचण आहे पण आमच्यासाठी आजची आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मी एका दूध संघात कॉम्प्युटर बघतो. संघाची काही संकलन केंद्रं कोयनेच्या बाजूच्या दऱ्यांमध्ये आहेत, तिथे मोबाईलला रेंज असली तर असते नाहीतर नसते, पावसाळ्यात तर विचारूच नका. त्या केंद्रांवर तांब्याच्या तारेची लँडलाईन अजून चालू आहे, आणि सकाळ-संध्याकाळचं संकलन झालं की केंद्रावरचा माणूस मॉडेमने मुख्य ऑफिसला फोन लावतो, लिटर-फॅट-एसएनएफची (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातला घन भाग) फाईल सर्व्हरच्या शेअर फोल्डरात टाकतो आणि फोन ठेवतो. फाईल काही केबीची असते, मिनिटभरात काम होतं.

ऑफिसला विंडोज सर्व्हर २००३ आहे, त्यावर राउटिंग अँड रिमोट ॲक्सेस (फोनवरून येणाऱ्यांना नेटवर्कमध्ये घेणारी सर्व्हिस, थोडक्यात रास), चार एक्सटर्नल मॉडेम सिरीयल कार्डावर. हा सर्व्हर १९२.१६८.१.१० ला आहे, फाईल सर्व्हर १९२.१६८.१.५ ला, आणि आयपी म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते वाटायचं काम, डीएचसीपी, ऑफिसचा राउटर १९२.१६८.१.१ करतो. केंद्रांवर विंडोज एक्सपी आहे.

आता झालंय असं की केंद्रावरून फोन लागतो, मॉडेमचा आवाज नेहमीसारखा येतो, नाव-पासवर्ड तपासतोय असं दिसतं, मग कॉम्प्युटर नेटवर्कवर नोंदवतोय, मग कोपऱ्यात दोन छोटे कॉम्प्युटर येतात आणि कनेक्टेड. कुठलाच एरर नंबर नाही. पण शेअर उघडत नाही, १९२.१६८.१.५ ला पिंग (पलीकडचं मशीन उत्तर देतं का ते बघणारी कमांड) जात नाही, आणि केंद्रावर आयपीकॉन्फिग केलं की पीपीपी (फोनच्या तारेवरून नेटवर्क चालवायची पद्धत) ॲडॅप्टरवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता. गंमत नाही तर विचित्र म्हणजे सर्व्हर रीस्टार्ट केला की कधीकधी सगळं व्यवस्थित चालतं, मग पुढच्या रीस्टार्टनंतर परत तेच. मॉडेम अदलाबदल करून झाले, केंद्रांवरची डायल-अप कनेक्शनं पुसून नव्याने बनवून झाली, फरक नाही.

दहा दिवसांचा दुधाचा पगार काढायची वेळ जवळ आलीय, आकडे आत आले नाहीत तर बिलं अडकतील, सध्या केंद्रावरचे लोक फोनवर आकडे सांगतायत आणि आमची मुलगी इथे बसून टाईप करतेय, त्यात चूक झाली की कुणाच्या तरी घरचे पैसे कमी येतात. कृपया "नवीन घ्या" याच्या पलीकडचं काही असेल तर सांगा.

कॉपरलाईन

भाऊ, लाईन बघा आधी. ऑफिसची टेलिफोन लाईन अलीकडे फायबरवर गेलीय का? हल्ली एक्सचेंजकडून येणारी तार काढून भिंतीवर फायबरचा डबा लावतात आणि फोनची तार त्या डब्यात खोचतात, आवाजासाठी ठीक असतं पण मॉडेमसाठी वाट लागते. आत आवाजाची पाकिटं होतात, कोडेक (आवाजाचे आकडे करायची पद्धत) जी.७११ असेल तर कसंबसं चालतं, जी.७२९ सारखं दाबणारं काही असेल तर मॉडेम एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. इको कॅन्सलरही (प्रतिध्वनी काढणारा भाग) मधे येतो. तसं असेल तर मॉडेमच्या जादा इनिशियलायझेशन कमांडमध्ये +एमएस वापरून वेग १४.४ किलोबिटवर बांधून बघा, चिपप्रमाणे कमांड वेगळी असते, मॅन्युअल बघून घाला.

आणि एक, दोन्हीकडे साधी ॲनालॉग लाईन असेल तर ५६के (सेकंदाला ५६ किलोबिट) वेग कधीच मिळत नाही, ३३.६ हीच हद्द. ५६के साठी सर्व्हरकडची बाजू डिजिटल लागते. कमी वेग दिसला म्हणून मॉडेम बदलत बसू नका.

जुनी_सिस्टीम

कॉपरलाईन यांनी लिहिलंय ते खरं आहे आणि फायबरवर गेलेल्यांनी जपून ठेवावं, पण या दुखण्याला ते लागू नाही असं मला वाटतं, का ते सांगते.

डायल-अपमध्ये गोष्टी एका ठरलेल्या क्रमाने होतात आणि कुठल्या पायरीवर अडलं त्यावरून अर्धं काम होतं. आधी मॉडेम मॉडेमशी जुळतो. तिथे अडलं तर ६७८ म्हणजे पलीकडून उत्तर नाही किंवा ६८० म्हणजे डायल टोन नाही, असलं काहीतरी येतं. मग पीपीपी सुरू होतं, त्यातलं पहिलं बोलणं एलसीपी, म्हणजे दोघं पाकिटाचा आकार, ओळख कशी पटवायची वगैरे ठरवतात. मग ओळख पटवणं, तिथे नाव-पासवर्ड चुकला तर ६९१, खात्याला डायल-इनची परवानगी नसली तर ६४९. आणि हे सगळं पार पडलं की मग आयपीसीपी, तिथे सर्व्हर केंद्राला सांगतो की तुझा आयपी हा. तिथे अडलं की ७२० किंवा ७३३ दिसतात.

तुमच्याकडे ओळख पटतेय, आणि आयपीसीपीसुद्धा पार पडतंय, म्हणून तर एरर नंबर येत नाही. लाईन खराब असती तर इथपर्यंत पोचलाच नसतात. सर्व्हर पत्ता देतोय, फक्त निरुपयोगी पत्ता देतोय. १६९.२५४ हा पत्ता विंडोज स्वतःच्या मनाने तेव्हा काढतं जेव्हा डीएचसीपीकडून काहीच मिळत नाही. बऱ्याच जणांना वाटतं की केंद्रावरच्या एक्सपीने तो घेतला, तसं नाही. डायल-अपमध्ये केंद्राचं मशीन थेट डीएचसीपीशी बोलून पत्ता घेतच नाही, त्याच्या वतीने रिमोट ॲक्सेस सर्व्हर आधीच पत्ते आणून ठेवतो आणि त्यातला एक देतो. त्यामुळे केंद्रावर काहीही पुसून परत बनवलंत तरी उपयोग नाही, दोष ऑफिसच्या खोलीत आहे.

तर मला तीन गोष्टी हव्यात. सर्व्हरवर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीम लॉग उघडा, सोर्स रिमोटॲक्सेस बघा, त्यात २०१६९ नंबरचा इव्हेंट आहे का. दुसरं, सर्व्हरवर आयपीकॉन्फिग /ऑल चं सगळं सांगा, एकही ओळ न गाळता. तिसरं, हे सुरू झालं त्याच्या आसपास सर्व्हरच्या डब्यात किंवा केबलमध्ये कुणी हात घातला होता का.

टक्स_कोल्हापूर

ताईंच्या यादीत एक भर. सर्व्हरवर कमांड प्रॉम्प्टला नेटश रास सेट ट्रेसिंग पीपीपी एनेबल्ड असं करा, एक केंद्र जोडून घ्या, मग विंडोज फोल्डरच्या आत ट्रेसिंग नावाचं फोल्डर असतं त्यात पीपीपी.लॉग सापडेल. नंतर डिसेबल्ड करायला विसरू नका, फाईल वाढत जाते. त्यात आयपीसीपी आणि कॉन्फिगर-नॅक असं लिहिलेला तुकडा शोधा आणि त्याखालचे आकडे इथे टाका.

पाटणखोरे

ताई, टक्स, दोघांचे आभार. सगळं काढलंय.

२०१६९ आहे! एकदा नाही, ज्या ज्या रीस्टार्टनंतर बिघडलं त्या प्रत्येक वेळी आहे, आणि ज्या वेळी चाललं तेव्हा नाही. त्यात साधारण असं लिहिलंय की डीएचसीपी सर्व्हरशी संपर्क झाला नाही, डायल-इन करणाऱ्यांना ऑटोमॅटिक प्रायव्हेट पत्ता दिला जाईल, त्यांना नेटवर्क मिळेलच असं नाही.

आयपीकॉन्फिगमध्ये: लोकल एरिया कनेक्शन १९२.१६८.१.१०, गेटवे १९२.१६८.१.१. लोकल एरिया कनेक्शन २ ला १०.१०.१०.२, गेटवे रिकामा. आणि पीपीपी ॲडॅप्टर रास सर्व्हर डायल इन इंटरफेस म्हणून एक आहे, त्याला १६९.२५४ चाच पत्ता, मास्क २५५.२५५.२५५.२५५.

दुसरं कार्ड कॅमेऱ्यांसाठी आहे. डेअरीच्या गेटवर आणि टँकर भरायच्या जागी कॅमेरे बसवले, त्याचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) सर्व्हर खोलीत आहे आणि मॅनेजर साहेबांना ते चित्र सर्व्हरच्या स्क्रीनवर हवं होतं, म्हणून कॅमेरेवाल्याने सर्व्हरमध्ये जादा नेटवर्क कार्ड टाकून त्यातून थेट केबल डीव्हीआरला दिली. डीव्हीआर १०.१०.१०.५ ला आहे. तारखा जुळवल्या तर अडचण त्याच्यानंतरचीच दिसतेय, पण दोन दिवस नीट चाललं होतं म्हणून त्याच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं.

लॉगमधला कॉन्फिगर-नॅकचा तुकडा: ८० २१ ०३ ०४ ०० ०ए ०३ ०६ ए९ एफई २सी ११

टक्स_कोल्हापूर

मिळालं. हे बघा कसं वाचायचं, एकदा जमलं की कायम उपयोगी पडतं. आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत आहेत. ८० २१ म्हणजे हे आयपीसीपीचं पाकीट. (एलसीपीचं असतं तर सी० २१ दिसलं असतं, चॅप या ओळख पटवायच्या पद्धतीचं सी२ २३.) पुढचा ०३ म्हणजे नॅक (हे नको, दुसरं घे असं उत्तर), ०४ हा पाकिटाचा क्रमांक, ०० ०ए म्हणजे लांबी दहा बाइट. मग ०३ ०६, म्हणजे आयपी पत्ता हा पर्याय आणि त्याची लांबी सहा. आणि शेवटचे चार म्हणजे प्रत्यक्ष पत्ता: ए९ म्हणजे १६९, एफई म्हणजे २५४, २सी म्हणजे ४४, ११ म्हणजे १७. १६९.२५४.४४.१७.

नॅक शब्दाने घाबरू नका, इथे नॅक येणं बरोबरच आहे. केंद्राचं मशीन आधी ०.०.०.० मागतं, म्हणजे माझ्याकडे पत्ता नाही तूच दे, सर्व्हर नॅक करून म्हणतो हा घे, मग केंद्र तोच पत्ता परत मागतं आणि सर्व्हर ॲक म्हणजे मान्य करतो. बरोबर असताना याच जागी सी० ए८ ०१ ने सुरू होणारे आकडे दिसायला हवेत, म्हणजे १९२.१६८.१. ताई म्हणाल्या तेच सिद्ध झालं, हा पत्ता सर्व्हर स्वतः देतोय.

जुनी_सिस्टीम

छान काढलंत सगळं. आता उत्तर समोर आहे.

रिमोट ॲक्सेस सर्व्हिस सुरू होताना एक नेटवर्क कार्ड निवडते आणि त्या कार्डावरून डीएचसीपीला हाक मारते. एकच कार्ड होतं तोपर्यंत निवडीचा प्रश्नच नव्हता. आता दोन आहेत आणि सेटिंग मूळचंच आहे, म्हणजे कुठलं कार्ड घ्यायचं ते सर्व्हिसनेच ठरवायचं. तिने पहिलं घेतलं तर राउटर उत्तर देतो आणि सगळं सुरळीत. दुसरं घेतलं तर त्या केबलच्या टोकाला फक्त डीव्हीआर बसलाय, तो काही पत्ते वाटत नाही, कुणीच उत्तर देत नाही, मग १६९.२५४. रीस्टार्टनंतर कधी चालतं कधी नाही याचं कारण हेच, आणि पहिले दोन दिवस चाललं तेही याचमुळे, तेव्हा निवड बरोबर पडली होती.

करायचं असं: ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्समधून राउटिंग अँड रिमोट ॲक्सेस उघडा, सर्व्हरच्या नावावर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, आयपी टॅब. सगळ्यात खाली ॲडॅप्टरचा ड्रॉपडाऊन आहे, डीएचसीपी, आणि नावावरून मशीन शोधून देणाऱ्या डीएनएस आणि विन्सचे पत्ते कुठल्या कार्डावरून घ्यायचे ते विचारणारा. तिथे "रासला निवडू द्या" अशा अर्थाचं काहीतरी असेल, ते बदलून १९२.१६८.१.१० असलेलं कार्ड निवडा. ते करण्याआधी नेटवर्क कनेक्शन्समध्ये जाऊन दोन्ही कार्डांना नावं द्या, ऑफिस आणि कॅमेरा अशी, म्हणजे यादीत १ कुठलं २ कुठलं हा गोंधळ होणार नाही आणि तुमच्यानंतर येणाऱ्यालाही कळेल.

त्याच टॅबवर आयपी राउटिंग चालू करण्याची टिक आहे, ती असू दे. ती नसली तर केंद्रांना फक्त हा सर्व्हर दिसेल, पलीकडचा १९२.१६८.१.५ दिसणार नाही, आणि मग तुम्हाला वाटेल की काहीच सुधारलं नाही.

मग अख्खं मशीन रीस्टार्ट नको, नेट स्टॉप रिमोटॲक्सेस आणि नेट स्टार्ट रिमोटॲक्सेस पुरे. अर्थात कुठलं केंद्र फाईल पाठवत नसताना करा.

पाटणखोरे

ताई केलं. सर्व्हिस मुद्दाम अनेकदा बंद-चालू करून बघितली, मशीनही रीस्टार्ट केलं, दर वेळी १९२.१६८.१ चाच पत्ता, २०१६९ गायब. संध्याकाळी केंद्रांच्या फायली आल्या. टाईप करणाऱ्या मुलीला मी सांगितलं तेव्हा ती किती खूश झाली काय सांगू, तिला झोपेतसुद्धा फॅटचे आकडे दिसत होते म्हणे.

पण एक केंद्र अजून अडलंय. तिथे पत्ता बरोबर येतो, १९२.१६८.१.११६ आला, कनेक्टेड, तरी १९२.१६८.१.५ ला पिंग नाही. १९२.१६८.१.१० लाही नाही. बाकीच्या केंद्रांना सगळं दिसतं. तिथलं मशीन आणि आमच्याकडचं खातं बाकीच्यांसारखंच आहे. फरक एकच, त्या केंद्राला बल्क कूलरच्या (दूध थंड ठेवायच्या मोठ्या टाकीच्या) कंट्रोलरसाठी एक छोटा राउटर दिलाय आणि संकलनाचं मशीनसुद्धा केबलने त्याला जोडलंय, तापमानाची नोंद बघायला.

दर्या_किनारा

मी बराच वेळ वाचतोय, इथे मला बोलता येईल. आमच्याकडे रत्नागिरीच्या बाजूला बर्फाच्या कारखान्यात हेच झालं होतं. त्या छोट्या राउटरचा पत्ता काय आहे ते बघा, मी पैज लावतो १९२.१६८.१.१ असणार, बाजारातले निम्मे राउटर तोच पत्ता घेऊन येतात.

म्हणजे केंद्राच्या मशीनला एकाच नावाची दोन नेटवर्कं दिसतायत. केबलवर १९२.१६८.१ आणि फोनवर पण १९२.१६८.१. आता १९२.१६८.१.५ ला पिंग केलं की विंडोज विचार करतं, अरे हे तर माझ्या केबलवरच आहे, आणि पाकीट कूलरच्या राउटरकडे जातं, फोनकडे वळतच नाही. डायल-अपमध्ये "रिमोट नेटवर्कचा गेटवे वापरा" ही टिक असली तरी उपयोग नाही, कारण गेटवेचा रस्ता सगळ्यात शेवटचा, जवळचा नेमका रस्ता असला की तोच जिंकतो. केंद्रावर रूट प्रिंट (पाकिटांच्या रस्त्यांची यादी दाखवणारी कमांड) करा, १९२.१६८.१.० च्या ओळीत इंटरफेस म्हणून केबलचा पत्ता दिसेल.

तपासायचा सोपा मार्ग, केबल काढा आणि मग फोन लावा. चाललं तर हेच.

आणि उपाय ऑफिसला नका करू, केंद्रावर करा. त्या छोट्या राउटरचं लॅन १९२.१६८.२५.१ असं काहीतरी वेगळं करा, कंट्रोलरला हाताने पत्ता दिला असेल तर तोही बदलायला लागेल, तो बदलल्याशिवाय राउटरला हात लावू नका नाहीतर तापमानाची नोंद बंद पडेल आणि दूध तिथे भरलेलं असेल.

पाटणखोरे

दर्या भाऊ, अगदी तसंच! केबल काढली, लगेच पिंग गेलं. कूलर कंपनीच्या माणसाला फोनवर घेऊन कंट्रोलरचा पत्ता आणि राउटर दोन्ही १९२.१६८.२५ वर नेलं, सकाळचं दूध टँकरमध्ये गेल्यावर, कूलर रिकामा असताना. आता केबल लावूनही चालतंय.

आता नवीनच. आज दुपारी अकाउंट्समधल्या दोन मशीनना आयपी मिळेना, त्यांना पण १६९.२५४! आधी वाटलं राउटर गेला, पण बाकीच्यांचं चालू आहे. राउटरमध्ये बघितलं तर वाटायचे पत्ते १९२.१६८.१.१०० ते १३० एवढेच ठेवलेले, आणि यादीत आमच्या सर्व्हरच्या नावावर एकदम दहा घेतलेले. मॉडेम चार आणि पत्ते दहा कशाला?

जुनी_सिस्टीम

हे तसं अपेक्षित आहे. सर्व्हिस डीएचसीपीकडून पत्ते दहादहाच्या गठ्ठ्याने उचलते. त्यातला पहिला स्वतःच्या त्या रास सर्व्हर इंटरफेसला ठेवते, उरलेले नऊ फोन करणाऱ्यांना. दहा संपले की अजून दहा. कार्ड चुकत होतं तेव्हा हे दहा घेतलेच जात नव्हते, म्हणून अकाउंट्सला ते वापरायला मिळत होते. कॅमेऱ्याचं कार्ड यायच्या आधीही हे दहा जातच असणार, पण तेव्हा ऑफिसमध्ये मशीन कमी असतील.

दोन मार्ग आहेत. रजिस्ट्रीत रिमोटॲक्सेस सर्व्हिसच्या पॅरामीटर्समध्ये आयपी खाली इनिशियलॲड्रेसपूलसाईझ नावाची किंमत असते, ती दहाची पाच करता येते, चार मॉडेमचे चार आणि सर्व्हरचा एक. पण तुमच्या जागी मी असते तर डीएचसीपीवर अवलंबून राहणंच सोडलं असतं. मॉडेम चारच आहेत, एका वेळी चारच्या वर कुणी येऊ शकत नाही, मग राउटर बंद पडला किंवा कुणी बदलला तरी फायली यायला हव्यात ना.

त्याच आयपी टॅबवर स्टॅटिक ॲड्रेस पूल (आपण ठरवून दिलेल्या पत्त्यांचा साठा) निवडा आणि १९२.१६८.१.२०१ ते १९२.१६८.१.२०६ द्या. २०१ सर्व्हर स्वतः घेईल, तो कुठल्या केंद्राला मिळणार नाही, हे माहीत असू दे. राउटरचे १०० ते १३० आहेत त्यामुळे टक्कर नाही, पण २०१ च्या पुढे कुणी प्रिंटरला किंवा हजेरीच्या मशीनला हाताने पत्ता दिलाय का ते आधी पिंग करून आणि माणसांना विचारून खात्री करा, पिंगला उत्तर न देणारी यंत्रंही असतात.

पूल ऑफिसच्याच १९२.१६८.१ मधला असल्यामुळे वेगळा रस्ता शिकवायला लागत नाही. फाईल सर्व्हरने विचारलं की २०२ कोण, तर तुमचा सर्व्हर त्याच्या वतीने उत्तर देतो की माझ्याकडे पाठव, याला प्रॉक्सी एआरपी म्हणतात. उद्या कुणी हौसेने पूल १९२.१६८.५०.० वर नेला तर हे आपोआप होणार नाही, मग ऑफिसच्या राउटरला सांगावं लागेल की ५० चं सगळं १९२.१६८.१.१० कडे पाठव. नाहीतर केंद्राचं पाकीट फाईल सर्व्हरपर्यंत जातं पण उत्तर परत येत नाही.

खालचा ॲडॅप्टरचा ड्रॉपडाऊन ऑफिस कार्डावरच ठेवा, स्टॅटिक पूल असला तरी डीएनएस आणि विन्सचे पत्ते त्या कार्डावरूनच केंद्रांना जातात.

टक्स_कोल्हापूर

मी लिनक्सवाला आहे, एमगेटी आणि पीपीपीडी या तिथल्या प्रोग्रॅमवर हे सगळं तीन फायलींत बसतं, पण चालू असलेलं पगाराच्या तोंडावर बदला असं मी म्हणणार नाही. दोन गोष्टी मात्र मनापासून सांगतो, पगार झाला की करा.

एक, तो डीव्हीआर सर्व्हरमधून काढा. विंडोज सर्व्हर २००३ ला १४ जुलै २०१५ नंतर सुरक्षेचे अपडेट बंद झालेत. अशा मशीनची एक केबल ऑफिसला आणि दुसरी कॅमेऱ्यांच्या डब्याला, आणि उद्या कुणी त्या डीव्हीआरला मोबाईलवर बघायला म्हणून इंटरनेट दिलं की तुमच्या दुधाच्या आकड्यांपर्यंत सरळ रस्ता. साहेबांना चित्र हवं असेल तर डीव्हीआरला थेट मॉनिटर लावा, मागे त्यासाठी जागा असतेच, सर्व्हरची गरजच नाही.

दोन, डायल-इनवर पॅप ही ओळख पटवायची जुनी पद्धत चालू असेल तर बंद करा, त्यात पासवर्ड उघडा जातो. एक्सपीला एमएस-चॅप व्हर्जन २ व्यवस्थित येतं, तेवढंच ठेवा. आणि केंद्रांचे नंबर ठरलेले आहेत तर प्रत्येक खात्याच्या डायल-इन टॅबवर कॉलबॅक लावा, कायम याच नंबरवर. केंद्राने फोन केला की सर्व्हर ओळख पटवून फोन ठेवतो आणि स्वतः केंद्राला लावतो. कुणाला पासवर्ड कळला तरी दुसऱ्या फोनवरून आत येता येत नाही, शिवाय कॉलचं बिल केंद्राला न पडता ऑफिसला पडतं.

कॉपरलाईन

कॉलबॅक लावायच्या आधी चारही लाईनवरून बाहेर फोन लागतो का ते साध्या फोनने बघा. ऑफिसात बऱ्याचदा मॉडेमच्या लाईनला फक्त इनकमिंग ठेवून आउटगोइंग बंद केलेलं असतं. आणि ऑफिसच्या आतल्या एक्सचेंजमधून बाहेर जाताना शून्य दाबून लाईन घ्यायची असेल तर कॉलबॅकच्या नंबरात तो शून्य आणि पुढे स्वल्पविराम घाला, मॉडेम स्वल्पविरामाला थोडा थांबतो, तेवढ्यात लाईन मिळते.

आणि तांब्याची तार आहे तोवर जपा. तिला एक्सचेंजमधून ४८ व्होल्ट येतात, केंद्रावर लाईट गेली तरी फोन जिवंत राहतो, मशीन आणि मॉडेमपुरता छोटा यूपीएस असला की संध्याकाळची फाईल निघते.

पाटणखोरे

स्टॅटिक पूल लावला. २०४ ला खरंच हजेरीचं मशीन निघालं ताई, पिंगला उत्तर देत नव्हतं, वॉचमन काकांमुळे कळलं की ते त्याच स्विचला जोडलंय, मग मशीनच्या मेनूत जाऊन पत्ता बघितला. म्हणून पूल २११ ते २१६ घेतला. अकाउंट्सची मशीनं चालू झाली, राउटरच्या यादीत सर्व्हरच्या नावाचे दहा अजून दिसत होते ते हाताने काढून टाकले.

चार लाईनपैकी दोघींवरून आउटगोइंग बंद आहे, कॉपरलाईन भाऊ बरोबर बोलले, त्याचा अर्ज आज दिलाय, सुरू झालं की कॉलबॅक लावतो. पॅप बंद केलंय. डीव्हीआरसाठी साहेबांना मॉनिटर मागितलाय, ते म्हणाले स्टोअरमध्ये एक पडलाय तो घे.

पगाराची फाईल आज बँकेत गेली.

जुनी_सिस्टीम

छान. डीव्हीआर काढलात की ते दुसरं कार्ड डिव्हाईस मॅनेजरमधून डिसेबल करा, नुसती केबल काढून सोडू नका. आणि पूलचे पत्ते, ॲडॅप्टरची निवड, केंद्राच्या राउटरचा २५ चा पत्ता हे सगळं एका कागदावर लिहून सर्व्हरच्या डब्यावर चिकटवा, तारखेसकट.